८०० व्होल्टच्या जुन्या मशीनला ईएल३४ ची कुठली जोडी टाकू? (अण्णांचं १०० वॅटचं भोंग्यांचं मशीन)

माळ्यावरचं_मशीन

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या अण्णांचा कोरेगाव तालुक्यात लाऊडस्पीकरचा धंदा होता. सप्ते, जत्रा, लग्नं, बारशी, सगळीकडे त्यांचेच भोंगे. त्यांचं १०० वॅटचं व्हॉल्व्हचं मशीन पंचवीसेक वर्षं पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडलेलं, ते गणपतीच्या साफसफाईत खाली काढलं. आउटपुटला दोन ईएल३४ (भोंग्यांना ताकद देणारे मोठे व्हॉल्व्ह), पुढे छोटे ईसीसी८३, मागे १०० व्होल्ट लाईनचं टर्मिनल. झाकणाच्या आत सर्किटचा कागद चिकटवलाय, अर्धा कसरीने खाल्लाय पण प्लेटला ८०० आणि स्क्रीनला (व्हॉल्व्हमधे प्लेटच्या आत असते ती तारेची जाळी) ४०० व्होल्ट एवढं स्पष्ट वाचता येतं.

उत्साहाच्या भरात मी ते सरळ प्लगला लावलं, तसं करायला नको होतं हे आता कळलंय. एक व्हॉल्व्ह पेटलाच नाही, त्याच्या काचेच्या आत जो चांदीचा आरसा असतो तो पार पांढरा पडलाय, दुधावरच्या सायीसारखा. दुसरा पेटला, पण पाचसहा मिनिटांत त्याच्या काळ्या प्लेटवर शिवणीजवळ रुपयाएवढा लालसर डाग दिसायला लागला आणि तो हळूहळू पसरत होता, मी लगेच बंद केलं. भोंगा लावलेला होता, कारण अण्णांनी लहानपणापासून एकच गोष्ट बजावलीय, भोंगा लावल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

आता नवीन जोडी घ्यायचीय. साताऱ्यातले एक दुकानदार म्हणाले केटी८८ टाका, पॉवर वाढेल. दुसरे म्हणाले ६एल६ पण त्याच सॉकेटला बसतो आणि स्वस्त पडतो. ऑनलाईन बघितलं तर जेजे, इलेक्ट्रो हार्मोनिक्स, ६सीए७, केटी७७ अशी नावं दिसतात. पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे जुना मलार्ड आहे म्हणे, पण त्याचा आकडा ऐकून फोन ठेवला.

कोजागरीला आमच्या विठ्ठल मंदिरात काकडा सुरू होतो. अण्णा आता ७९ चे आहेत. पहाटेचा काकडा पुन्हा त्याच मशीनवर वाजावा एवढीच इच्छा आहे. कुठले व्हॉल्व्ह घेऊ?

बुधवार_पेठ_रिपेअर

आधी एक सांगतो दादा, व्हॉल्व्ह आत्ता घेऊ नका. प्लेट लाल होणं हा बहुतेक वेळा व्हॉल्व्हचा दोष नसतो, त्याला बायस (करंट आवरून धरणारे मायनस व्होल्ट) कमी मिळतोय म्हणून तो जास्त करंट ओढतोय. उद्या नवी कोरी जोडी लावली तर ती पण पाचव्या मिनिटाला अशीच लाल होईल आणि पैसे गेले.

पांढरा पडलेला व्हॉल्व्ह मात्र संपला. त्यात हवा शिरली, आतला गेटर (तोच चांदीचा आरसा) पांढरा झाला की काही उपाय नाही. तो चुकूनही परत सॉकेटला लावू नका.

आता दुकानदारांचं. ६एल६ चा विषय इथेच सोडा. सगळ्यात दणकट ६एल६जीसी घेतला तरी त्याच्या कागदावर प्लेटला ५०० व्होल्टची मर्यादा आहे आणि तुमच्याकडे ८०० आहेत, आत ठिणगी पडून ट्रान्सफॉर्मर घेऊन जाईल. ६५५० चं पण तेच, कोणाच्या कागदावर ६०० तर कोणाच्या ६६०, त्यापुढे कोणी लिहून देत नाही. सॉकेटला बसतो म्हणजे चालतो असं नसतं हो.

केटी८८ ची गोष्ट जरा वेगळी, मूळ केटी८८ ला प्लेटला ८०० व्होल्ट चालायचे, त्यामुळे दुकानदार अगदीच चुकीचं बोलला नाही. पण पॉवर वाढेल हे खरं नाही. पॉवर ठरते सप्लाय किती देतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर कितीचा गुंडाळलाय त्यावर. ईएल३४ ची जोडी ८०० व्होल्टवर, स्क्रीन ४०० वर, आणि प्लेट टू प्लेट ११ हजार ओहमचा ट्रान्सफॉर्मर, हे फिलिप्सने स्वतःच छापून दिलेलं गणित आहे, त्यात १०० वॅट निघतात. तुमचं मशीन त्याच कागदावरून बनवलेलं दिसतंय. केटी८८ टाकून १०० चे १२० होणार नाहीत, बायस सगळा बदलावा लागेल, फिलामेंटला थोडा जास्त करंट जाईल आणि अंगाने जाड असल्यामुळे कदाचित दोन व्हॉल्व्ह शेजारी बसणारही नाहीत. जे मशीन ज्याच्यासाठी बनलंय तेच त्याला द्या.

मीटर कुठला आहे तुमच्याकडे? आणि रात्री घरात लाईट किती व्होल्ट येते ते बघितलंय का कधी?

कागलचा_भोंगेवाला

भावा पोस्ट वाचून लई बरं वाटलं. आमच्याकडं पण वडिलांच्या वेळची दोन असली मशीनं आहेत, एक चालू आहे, अजून उरसाला वाजतं. नव्या मशीनचा आवाज मोठा असतो पण ह्याच्यावर अभंग लागला की टाळ आणि माणसाचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो, दोन कोस लांब शेतात पण शब्द कळतो.

रात्रीच्या लाईटचं पेठेतल्या साहेबांनी बरोबर विचारलं. आमच्या गावात संध्याकाळी शेतीचे पंप चालू असतात तेव्हा २०० येते आणि रात्री अकरानंतर पंप बंद झाले की २५० पर्यंत जाते. आमची एक जोडी अशीच पहाटे गेली, रात्रभर नीट वाजली आणि चार वाजता धाडकन आवाज होऊन फ्यूज गेला. तेव्हापासून आम्ही मागचा टॅप बघितल्याशिवाय मशीन लावत नाही. तुमच्या मशीनला मागे २००-२२०-२४० अशी बदलायची पिन असंल बघा, छोट्या झाकणाखाली.

मीटर ६०० व्होल्टचा असंल तर ८०० मोजायला एक सोपं आहे, आत मोठे दोन कंडेन्सर एकावर एक सिरीजमधे असतात, त्या प्रत्येकाच्या दोन टोकांवर वेगवेगळं मोजायचं आणि बेरीज करायची.

व्हॉल्व्ह म्हणाल तर मी मलार्डच म्हणेन. आमचा मलार्ड वडिलांनी लावलेला, अजून चालतोय.

निवृत्त_ट्रान्समीटर

मी बारा वर्षं ट्रान्समीटरवर काम केलंय, तिथे तर याच्या कितीतरी पट व्होल्टेज असायचं, म्हणून दोन शब्द सांगते, कृपया गांभीर्याने घ्या.

कागलच्या दादांनी सांगितलं तसं वरच्या कंडेन्सरवर ६०० व्होल्टचा मीटर लावू नका. मीटर ४०० दाखवेल हे खरं, पण त्याची एक तार जमिनीच्या वर ८०० व्होल्टवर आणि दुसरी ४०० वर असते, आणि मधे असतो तुमचा हात. स्वस्त मीटरच्या वायरचं इन्सुलेशन एवढ्यासाठी बनवलेलं नसतं. फक्त खालचा कंडेन्सर मोजा, म्हणजे ज्याचं एक टोक चॅसीला (मशीनच्या पत्र्याच्या सांगाड्याला) आहे तो. ह्या जातीच्या सप्लायमधे स्क्रीनचे ४०० त्याच मधल्या बिंदूवरून घेतलेले असतात, त्यामुळे एका मोजमापात स्क्रीन पण कळतो आणि दुप्पट केली की प्लेटचा अंदाज येतो. आणि मशीन दुरुस्त करायचंच ठरवलंय तर १००० व्होल्टचा चांगला मीटर घ्या, व्हॉल्व्हच्या आधी तो खर्च करा.

मोजायची पद्धत पण सांगते. मशीन बंद, प्लग भिंतीतून बाहेर. दोन मिनिटं थांबायचं. मग मीटरने खालच्या कंडेन्सरवर शून्य आलंय का बघायचं, वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनमधे कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर तुटलेला असू शकतो आणि तसं झालं तर ते तासभर भरलेले राहतात. शून्य दिसल्यावर क्लिप लावायची, हात बाहेर काढायचे, मग प्लग लावायचा आणि लांबून वाचायचं. चालू मशीनमधे हात घालायचाच नाही. घरात लहान मुलं असतील तर खोलीचं दार लावून घ्या. ८०० व्होल्ट डीसी दुसरी संधी देत नाही.

पहिल्यांदा सप्लाय देताना सिरीज बोर्ड वापरा, १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब मशीनच्या सिरीजमधे. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भरभरून पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं.

दोन्ही ईएल३४ काढून ठेवा, भोंगा लावलेला राहू द्या, आणि हे तीन आकडे आणा: घरातली लाईट किती, खालच्या कंडेन्सरवर किती, आणि दोन्ही सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर (ग्रिडवर, बायस तिथेच येतो) मायनस किती. पिन खालून बघताना खाचेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. टॅप कुठल्या आकड्यावर आहे ते पण बघा.

माळ्यावरचं_मशीन

ताई तुम्ही सांगितलं तसंच केलं, एकही पायरी सोडली नाही, मीटर पण नवीन १००० चा आणला. सिरीज बल्बवर आधी अर्धा तास ठेवलं, बल्ब मंद झाला. मग बल्ब काढून सरळ लावलं.

टॅप २२० वर होता. रात्री साडेदहाला घरात २४७ व्होल्ट होते. खालच्या कंडेन्सरवर ४४९. पाच नंबरच्या पिनवर एका सॉकेटला मायनस २७ आणि दुसऱ्याला मायनस १९. ज्या व्हॉल्व्हची प्लेट लाल झाली तो १९ वाल्या सॉकेटमधे होता.

अजून एक दिसलं. त्याच सॉकेटवर २ आणि ३ नंबरच्या पिनच्या मधे पेन्सिलने रेघ मारावी तशी काळी बारीक रेघ आहे. पुसली, कापडाने घासली, जात नाही. सॉकेट तपकिरी बॅकेलाईटचं आहे.

निवृत्त_ट्रान्समीटर

शाब्बास. तुमच्या आकड्यांनी सगळं सांगितलं.

खाली ४४९ म्हणजे वर मिळून ९०० च्या जवळ. ईएल३४ ची मर्यादाच ८०० आहे. व्हॉल्व्ह नसताना सप्लाय थोडा वर जातो हे धरलं तरी हे फार झालं. आणि ते कंडेन्सर ४५० व्होल्टचे असणार, म्हणजे ते पण काठावर उभे आहेत. टॅप २४० वर न्या, तेवढ्याने ४४९ चे ४१२ च्या आसपास येतील. फिलामेंटचा पण फायदा आहे, २२० च्या टॅपवर २४७ दिले की ६.३ च्या जागी ७ च्या वर व्होल्ट जातात, त्याने कॅथोड झिजतो. टॅप बदलला की साडेसहाच्या खाली येतील.

आता बायस. फिलिप्सच्या कागदावर ह्या जोडणीला मायनस ३९ लागतात. तुमच्याकडे चांगल्या बाजूलाच २७ आहेत, म्हणजे बायसचा सप्लायच दमलाय. त्यात चौकोनी पत्र्यांची चवड असलेला सेलेनियम रेक्टिफायर असेल, तो काळाने कमजोर होतोच. तो सोडवून १एन४००७ डायोड लावा आणि पुढचा छोटा कंडेन्सर नवीन टाका, त्याचा प्लस चॅसीकडे येतो हे लक्षात ठेवा, सवयीने उलटा लागतो.

आणि दुसऱ्या बाजूला २७ चे १९ झाले, ते ८ व्होल्ट कुठे गेले? दोन्ही सॉकेटना बायस एकाच ठिकाणाहून येतो. मधला कपलिंग कंडेन्सर गळतोय, आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचे प्लस व्होल्ट त्यातून झिरपून ग्रिडवर येतायत. म्हणूनच लाल डाग त्याच बाजूला पडला. दोन्ही कपलिंग कंडेन्सर बदला, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीनचे घ्या.

बुधवार_पेठ_रिपेअर

ताईंनी अगदी मुळाशी हात घातला. मी फक्त सॉकेटचं बोलतो.

ती काळी रेघ म्हणजे ठिणगी चाललेली वाट. ईएल३४ मधे २ नंबर फिलामेंट आणि ३ नंबर प्लेट, अगदी शेजारी शेजारी. कधीतरी भोंग्याची वायर तुटली असेल आणि मशीन भर आवाजात चालू राहिलं असेल. आउटपुटला ओझंच नसलं की ट्रान्सफॉर्मरमधून प्लेटवर सप्लायच्या कितीतरी वरचे झटके येतात आणि ते जवळची वाट शोधतात, ती वाट म्हणजे हीच. एकदा बॅकेलाईट जळून कोळसा झाला की तो करंट वाहून नेतो, मग पुढच्या वेळी थोड्या झटक्याने पण तिथेच ठिणगी पडते. अण्णांनी भोंगा लावल्याशिवाय चालू करायचं नाही हे सांगितलं ते उगाच नाही.

दोन्ही सॉकेट काढून चिनी मातीचे लावा. नवीन व्हॉल्व्ह घेतल्यावर त्याच्या बुडाशी पण २ आणि ३ च्या मधे नीट बघा, मी वापरलेल्या व्हॉल्व्हमधे तिथे काळी रेघ असलेले परत केलेत. आणि मागच्या टर्मिनलवर १ किलोओहम २५ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका. १०० व्होल्ट लाईनवर भर आवाजात तो १० वॅट खातो, पण वायर तुटली तरी मशीनला थोडंतरी ओझं राहतं.

भोंगे किती लावणार? १०० वॅटच्या मशीनला १०० व्होल्ट लाईनवर एकूण १०० ओहम हवेत. प्रत्येक भोंग्याचा लाईन ट्रान्सफॉर्मर २५ वॅटच्या टॅपवर ठेवला तर एकेक ४०० ओहम दिसतो, असे चार पॅरलल, झाले १००. तो रेझिस्टर धरून भोंगे तीनच लावा, एक जागा मोकळी ठेवा. देवळाला तेवढे पुष्कळ झाले.

वसईचा_गिटारवाला

मी गिटारच्या अँपवर काम करतो, पण हा विषय आमच्याकडे पण आहे म्हणून लिहितो. म्युझिक मॅन नावाचे अमेरिकन अँप होते सत्तरच्या दशकातले, लिओ फेंडर त्या कंपनीत होता. त्यात ६सीए७ (ईएल३४ चंच अमेरिकन नाव) ची प्लेट ७०० व्होल्टच्या आसपास आणि स्क्रीन साधारण निम्म्यावर, तुमच्या मशीनसारखीच विचारसरणी. एक अँप माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी आलेला आणि त्याच्यात मी दोन जोड्या घालवल्या तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की अशा मशीनमधे प्लेट आधी मरत नाही, स्क्रीन मरते. जुन्या व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडची तार जास्त सहन करायची, आजच्या काही व्हॉल्व्हमधे भर आवाजात ती आत तापून लाल होते, खोलीत अंधार केला तर प्लेटच्या फटीतून पिवळट लाल रेषा दिसतात, दिसल्या की आवाज कमी करायचा.

त्यामुळे माझं मत असं की नाव बघून घेण्यापेक्षा प्रत्येक व्हॉल्व्हच्या ४ नंबरच्या पिनला स्वतंत्र १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावा. जुन्या सर्किटमधे दोघांना मिळून एकच ७५० ओहमचा असतो, तेव्हाच्या व्हॉल्व्हला तो पुरायचा. दोन वेगळे केले की एक व्हॉल्व्ह बिघडला तरी दुसऱ्याला ओढत नाही.

नावांचं म्हणाल तर लोकांना वाटतं बाजारात पंधरावीस कंपन्या आहेत. तसं नाहीये. इलेक्ट्रो हार्मोनिक्स, सोवटेक, टंगसोल, आणि हल्ली मलार्ड असं छापून येतो तो नवीन व्हॉल्व्ह, हे सगळे रशियात सारातोवच्या एकाच कारखान्यातून येतात, आतली बांधणी वेगवेगळी असते पण कारखाना तोच. म्हणजे नवीन मलार्ड आणि इंग्लंडमधला जुना मलार्ड यांचा नावापलीकडे संबंध नाही. जेजे स्लोव्हाकियात चाद्त्सा गावात बनतात. त्यांच्या ईएल३४ च्या कागदावर प्लेटला ८०० व्होल्ट छापलेले आहेत.

केटी७७ पण वाईट नाही. मूळ इंग्लंडचा, ईएल३४ च्या जागी सरळ बसावा म्हणूनच बनवलेला, प्लेट ८०० आणि स्क्रीनची मर्यादा ईएल३४ पेक्षा जास्त. जेजे आज तो बनवतात आणि माझ्या त्या म्युझिक मॅनमधे शेवटी तीच जोडी टिकली. फक्त बायस पुन्हा लावावा लागतो.

कागलचा_भोंगेवाला

ताई तुमचं बरोबर आहे, वरच्या कंडेन्सरचं मी चुकीचं सांगितलं. आम्ही तसंच मोजत आलो आणि आजवर काही झालं नाही म्हणून धोका नाही असं होत नाही. आमच्या पोरांना पण आता सांगतो.

पण मलार्डवर मी ठाम आहे. चांगली वस्तू ती चांगली वस्तू.

बुधवार_पेठ_रिपेअर

मलार्ड चांगला यात शंकाच नाही दादा, तुमच्याकडे आहे तो जपून ठेवा. पण आज विकत घेताना दोन अडचणी आहेत. एक म्हणजे नकली. साध्या व्हॉल्व्हवर पिवळा पांढरा शिक्का मारून विकतात. असली ओळखायची खूण नावात नसते, असली मलार्डवरचं नाव तर बोटाने घासलं तरी निघतं. खालच्या बाजूला काचेवर करड्या रंगात दोन ओळींचा बारीक कोड असतो, तो काचेत मुरलेला असतो, पुसला जात नाही. वरच्या ओळीत एक्सएफ१, एक्सएफ२ असं काहीतरी आणि खालची ओळ बी अक्षराने सुरू होते, बी म्हणजे ब्लॅकबर्नचा कारखाना. कोड नाही किंवा रंगाने छापलाय, तर पैसे देऊ नका.

दुसरी अडचण तपासणीची. विक्रेता टेस्टरवर लावून दाखवतो, काटा हिरव्यात जातो, आपण खूश. तो टेस्टर प्लेटला साधारण २५० व्होल्ट देतो. ८०० वर तोच व्हॉल्व्ह आतून ठिणगी मारेल का हे तो काटा सांगूच शकत नाही. मॅच्ड जोडीचं पण तेच. २५० वर दोघे सारखे दिसले म्हणून ८०० वर सारखे राहतात असं नाही. विचारायचं की किती व्होल्टवर मॅच केली आणि करंट किती आला, आकडे डब्यावर लिहून द्या म्हणायचं. जो आकडे देतो त्याच्याकडून घ्यायचं.

वर्षातून महिनाभर पहाटे वाजणाऱ्या मशीनला, गावच्या लाईटवर, मी साधी नवी जेजे ईएल३४ ची मॅच्ड जोडी सुचवेन आणि वाचलेल्या पैशात एक जोडी जास्तीची डब्यात ठेवा. केटी७७ मिळाला तर तोही चालेल. आणि हो, पुढचे ईसीसी८३ कुठले आहेत? बंगलोरच्या बीईएलचे असतील तर त्यांना हात लावू नका, ते फार चांगले व्हॉल्व्ह आहेत, वाजतायत तोवर वाजू द्या.

निवृत्त_ट्रान्समीटर

बायस लावायची रीत लिहून ठेवते, नंतर शोधायला नको. प्रत्येक सॉकेटच्या ८ नंबरच्या पिनपासून चॅसीला जी तार जाते तिथे १ ओहमचा रेझिस्टर घाला. त्यावर जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर, सरळ वाचता येतं आणि मीटर ८०० व्होल्टच्या जवळ न्यावाच लागत नाही. ईएल३४ च्या सॉकेटवर १ नंबरची पिन ८ नंबरला जोडलेली असते, ती जोडणी तशीच ठेवा, १ नंबर वेगळी चॅसीला नेऊ नका.

पहिल्यांदा प्रीसेट (बायस कमीजास्त करायचा छोटा स्क्रू) फिरवून बायस जास्तीत जास्त मायनस करा, मग व्हॉल्व्ह लावा, मग हळूहळू कमी करत या. फिलिप्सच्या कागदावर प्लेटला २५ मिलिअँपिअर आहेत, ८०० व्होल्टवर ते २० वॅट होतात, मर्यादा २५ ची. तुम्ही जरा खाली ठेवा, रेझिस्टरवर २४ वाचा. त्यात तीनेक स्क्रीनचे असतात, म्हणजे प्लेटला २१. रात्रीची लाईट सगळ्यात जास्त असते तेव्हाच लावा, संध्याकाळी लावला तर पहाटे वर गेलेला असेल.

मोठे कंडेन्सर पण बदलून घ्या, आणि प्रत्येकावर २२० किलोओहम २ वॅटचा रेझिस्टर, म्हणजे दोघांमधे व्होल्टेज सारखं वाटलं जातं आणि बंद केल्यावर ते रिकामे पण होतात. तरी मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही, हा नियम कायमचा.

माळ्यावरचं_मशीन

मंडळी, सोळा दिवस लागले पण झालं. सगळ्यांचे आकडे एका वहीत लिहिले होते आणि एकेक खूण करत गेलो.

टॅप २४० वर. सेलेनियम काढला, १एन४००७ लावला, बायस ४६ पर्यंत मिळायला लागला. कपलिंग कंडेन्सर बदलल्यावर दोन्ही सॉकेटना सारखाच मायनस आला, तिथेच अर्धं ओझं उतरलं. जुना गळका कंडेन्सर फोडून बघितला, आतलं मेण तपकिरी होऊन कागदात उतरलं होतं. मोठे कंडेन्सर नवीन, चिनी मातीचे सॉकेट लॅमिंग्टन रोडवरून मित्राकडून मागवले, प्रत्येक स्क्रीनला १ किलोओहम, मागे १ किलोओहम २५ वॅट. ईसीसी८३ बीईएलचेच निघाले, तसेच ठेवलेत.

जोडी जेजे ईएल३४ घेतली. विक्रेत्याने डब्यावर व्होल्ट आणि करंट दोन्ही लिहून दिले. त्याच्याआधी ज्याला विचारलं तो आकडे द्यायला तयार नव्हता, त्याला नमस्कार केला.

काल रात्री सव्वाअकराला लाईट २४६ असताना लावलं. प्लेट ७९२, स्क्रीन ३९४, एकीकडे २४ मिलिव्होल्ट आणि दुसरीकडे २३. बायस मायनस ४० च्या आसपास बसला. खोलीत अंधार करून दोन तास बघत बसलो, प्लेट काळीच राहिली, स्क्रीनच्या रेषा पण नाहीत, फक्त काचेच्या आतल्या भिंतीवर मंद निळसर प्रकाश येतो. तो चालेल ना?

अण्णा जागेच होते. मी सांगायच्या आधी उठून आले, मागे हात नेऊन भोंग्याची वायर टर्मिनलला घट्ट आहे का ते चाचपून बघितलं आणि मग खुर्ची ओढून बसले. पहाटे तीनला चहा करून दिला तेव्हा पण तिथेच होते.

निवृत्त_ट्रान्समीटर

काचेलगतचा निळा चालतो, उलट तो असला तर व्हॅक्यूम चांगला आहे असं समजा. प्लेटच्या आत जांभळट गुलाबी धुकं दिसलं आणि करंट वर चढायला लागला तर मात्र बंद करून व्हॉल्व्ह बदला, म्हणजे आत गॅस झालाय.

पहिल्या आठवड्यात २४ मिलिव्होल्ट रोज एकदा बघा, नवे व्हॉल्व्ह सुरुवातीला थोडे सरकतात. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

कागलचा_भोंगेवाला

काकड्याच्या पहिल्या दिवशी रेकॉर्डिंग टाक भावा, मोबाईल देवळात नको, लांब शेतात उभा राहून कर. आणि जास्तीची जोडी मशीनच्या डब्यात ठेवू नको, गाडीत हादरते. वडील आमचे व्हॉल्व्ह ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरून न्यायचे, एक पण फुटला नाही.

माळ्यावरचं_मशीन

अण्णा म्हणतात ते बाजरीच्या पिठात न्यायचे. रेकॉर्डिंग नक्की टाकतो दादा, ओढ्यापलीकडून करतो.